निंबझिऱ्याचा गुरुवार

पत्नी गेल्यानंतर पहिले चार महिने मी पुस्तकं पुसत होतो. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पुस्तकं भरपूर, धूळ भरपूर, आणि बोलायला कोणी नाही. पाचव्या महिन्यात एका जुन्या सहकाऱ्याने मला गावकोशात ओढलं. शांत काम आहे, तुम्हाला मानवेल, असं तो म्हणाला. तो सज्जन माणूस आहे. त्याला कल्पना नव्हती.

गावकोश म्हणजे जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या गावांचा संगणकावरचा कोश. एका गावाला एक पान. ते पान कोणीही लिहावं, कोणीही दुरुस्त करावं, कोणाला पगार नाही. लिहिणारे हौशी लोक: शिक्षक, दुकानदार, पोस्टातून निवृत्त झालेले, कॉलेजातल्या मुली. प्रत्येक जण आपल्या गावाबद्दल लिहायला बसला की त्याच्या अंगात काहीतरी संचारतं. एकाच्या पानावर आधी ग्रामदैवत, मग स्वतःची वंशावळ, मग लोकसंख्या. दुसऱ्याच्या पानावर फक्त कबड्डीचे निकाल. या सगळ्यांना एका वळणावर आणायचं, हे माझं काम ठरलं.

त्यासाठी असतो साचा. ग्रंथालयात पुस्तकाचं कार्ड असायचं, तसाच हा छापील फॉर्म समजा: गावाचं नाव, तालुका, नदी, मुख्य पीक, बाजाराचा वार. लिहिणाऱ्याने फक्त रकाने भरायचे. ग्रंथालयातल्या कार्डापेक्षा याच्यात एक सोय जास्त आहे. कपाटातला कोरा फॉर्म बदलला की आधी भरलेले सगळे फॉर्म त्याच क्षणी, आपापल्या जागी, आपोआप बदलतात. मला ही सोय फार आवडली होती. पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला.

साचा करणं सोपं. तो माणसांना पचवणं अवघड; त्यासाठी मी तालुक्या-तालुक्यांत वर्गही घेऊ लागलो. रावेरकडच्या एका गृहस्थांनी, ते केळीच्या गाड्या भरून देण्याच्या कामात होते, 'मुख्य पीक' या रकान्यात 'केळी' लिहिलं. 'दुसरं पीक' यात 'कांदेबाग' आणि 'तिसरं पीक' यात 'मृगबाग'. परमुलखातल्या वाचकाला वाटावं, काय विविधता आहे. कांदेबाग आणि मृगबाग या दोन्ही केळीच्याच लागवडी. एक पावसाळ्यानंतरची, एक पावसाळ्याच्या तोंडाची. मी त्यांना फोन करून नम्रपणे म्हटलं, "भाऊ, केळीशिवाय काही?" ते विचार करून म्हणाले, "केळीची पानं लिहू का?"

'प्रेक्षणीय स्थळ' या रकान्यात एकाने मामाचा नवा बंगला लिहिला, फोटोसह. 'जवळचं रेल्वे स्टेशन' यात एकाने लिहिलं, 'लांब'. 'लोकसंख्या' यात एक बाई लिहून गेल्या, 'दिवाळीत जास्त'. मी ते सगळं काढत गेलो आणि काढताना खुर्चीत एकटाच हसत गेलो. महिनाभराने लक्षात आलं की पुस्तकांवर पुन्हा धूळ साचलीय.

फुकट काम करणाऱ्यावर रागावता येत नाही, हे या कामातलं पहिलं शहाणपण. पगारी माणसाला मेमो देता येतो. हौशी माणसाला आधी म्हणावं लागतं, वा, किती सुंदर लिहिलंय, आणि मग त्यातलं तीन चतुर्थांश उडवावं लागतं. हे मला नेहमी जमलं असं नाही. तापीकाठच्या एका नानांनी 'नदी' या रकान्यात आठ पानं लिहिली होती. पुराचं पाणी देवळाच्या कितव्या पायरीला लागलं की कोणाच्या घरची चूल आधी उचलायची, इथपर्यंत. मी तिथे 'तापी' एवढंच ठेवलं. साचा स्वच्छ दिसू लागला. नाना परत आले नाहीत. कोशात पुसलेलंही पानाच्या मागे जपून राहतं, म्हणून ती आठ पानं अजून आहेत. मी ती अधूनमधून काढून वाचतो. पुन्हा लावण्यासाठी नानांना फोन करायचं धाडस अजून झालेलं नाही.

धुळ्याच्या रशीदभाईंनी मात्र मला त्यांना हाकलू दिलं नाही. त्यांचा पिढीजात धंदा बांगड्यांचा. आता बांगड्यांबरोबर कंगवे, पिना, आरसे, ज्याला बाजारात कटलरी म्हणतात ते सगळं. आठवड्याचे सहा दिवस सहा गावांचे बाजार आणि शुक्रवारी घरी. त्यांचा पहिला फोन असा होता.

"सर, ते गाव मंगळवारचं. तुम्ही बुधवार लिहिलंय."

"चूक झाली असेल, दुरुस्त करतो."

"करा. नाहीतर तुमचं वाचून कोणी बुधवारी गेला तर माल कुत्र्याला विकेल काय?"

सगळ्या खान्देशातले बाजाराचे वार या माणसाला तोंडपाठ. मी त्यांना साचा भरायला शिकवलं. ते फोनमध्ये बोलून लिहीत, आणि सगळं एकाच रकान्यात ओतत. 'हे गाव शनिवार हिरव्या बांगड्या चालतात सोनेरी घेऊन जाऊ नये चहा चांगला.' मी ते निवडून रकान्यांत लावायचो. ते म्हणायचे, "सर, तुम्ही माझी गोणी निवडता." दोन पावसाळे आम्ही गोणी निवडली. मग त्यांनी मागणी केली: वारानुसार यादी पाहिजे. सोमवारी कुठे कुठे, मंगळवारी कुठे कुठे. साच्यातून अशी यादी आपोआप तयार करता येते. मी केली. रशीदभाईंनी ती बाजारात बसणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. फरसाणवाले, भांडीवाले, कपडेवाले असे शंभरेक जण तरी त्या गटात असतील. माझ्या आयुष्यात मी केलेली कुठलीही सूची इतक्या लोकांनी उघडली नव्हती. मी दोन दिवस हवेत होतो. त्या हवेतच मी तो बदल केला.

नव्या लोकांना सोपं जावं म्हणून बाजाराच्या रकान्यात एक उदाहरण द्यायचं होतं. मी 'गुरुवार' लिहिलं. ते लिहायचं होतं सूचनेच्या जागी. मी लिहिलं साच्याच्या पोटात, जिथे 'रकाना रिकामा असेल तर हे दाखव' असं असतं तिथे. म्हणजे ज्या गावांच्या पानांवर बाजाराचा वार भरलेला नव्हता, त्या सगळ्यांवर, आणि वारानुसार यादीतही, त्या क्षणी गुरुवार उमटला. तो रकाना रिकामा होता कारण त्या गावांना बाजारच नव्हता. आणि तो रिकामा ठेवा, नाही ते लिहू नका, हे मीच प्रत्येक वर्गात सांगत होतो. अशी एकोणीस गावं होती. मी भरलेली पानं तपासली, रिकामी कशाला तपासू? सगळं ठीक आहे म्हणून चहा करून प्यायलो.

सात आठवड्यांनी सकाळी फोन आला.

"सर, मी निंबझिऱ्याची लता. शिरपूरच्या वर्गाला आलते ना, अंगणवाडीवाली."

आठवलं. गाव त्यांना लताअक्का म्हणायचं. पुढच्या बाकावर बसून प्रत्येक रकाना दोनदा वाचणाऱ्या.

"येत्या गुरुवारी तुम्ही यायचं. गावाला तुमचा सत्कार करायचाय."

"माझा? कशाबद्दल?"

"आता लाजू नका. गाव म्हणतंय, सरांनी बाजार दिला."

मला काही उलगडेना. मी विचारलं, कुठला बाजार?

"मी तो रकाना रिकामा सोडला होता. तुम्हीच म्हणाला, नाही ते लिहू नका. घरी येऊन रडले होते सर, खोटं नाही सांगत. आमच्या बायका टोपली घेऊन सडकेवर उभ्या राहतात, रिक्षा मिळाली तर दुसऱ्याच्या गावाला जाऊन विकतात, नाही मिळाली तर वांगी गाईला. नंतर पाहते तर तुम्ही गुरुवार लिहिलेला. म्हटलं, सरांना समजलं. आणि त्याच गुरुवारी तीन दुकानं आली. आता नऊ येतात."

फोन ठेवून मी पान उघडलं. निंबझिरे. बाजाराचा वार: गुरुवार. कोशात चूक कोणी केली ते शोधायला अर्धं मिनिट लागतं. प्रत्येक बदलामागे नाव, तारीख, वेळ असते. मी अशा कित्येकांना पकडलं होतं, थोड्याशा आनंदाने. यावेळी नाव माझंच निघालं.

अठरा गावं मी लगेच दुरुस्त केली. नंतर कळलं, त्यातल्या एका गावी एक भांडीवाला खरोखर पोचला होता. अख्खं गाव लग्नाला गेलेलं. एक आजोबा तेवढे ओट्यावर होते. त्यांनी त्याला पाणी दिलं, चौकशी केली आणि माणूस एवढा आलाय म्हणून एक चाळणी घेतली. बाकी गावं आडवळणाची, तिकडे कोणी फिरकलं नाही. निंबझिरे पडलं डांबरी सडकेला लागून, दोन मोठ्या बाजारांच्या मधे.

एकोणिसावं पान मी समोर उघडं ठेवलं आणि रशीदभाईंना फोन लावून सगळं सांगितलं.

"सर, यादीत पाहून वाटलं नवा बाजार सुरू झाला, जुना गुरुवार सोडला. सहा गुरुवार मी तिथे बसतोय. म्हणजे मी काय तुमच्या गलतीवर बसतोय?"

"हो."

मग ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, कोणीतरी त्यांना पाणी दिल्याचा आवाज आला, पाणी पिऊन ते पुन्हा हसले.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "पण पुसू नका. नवे लोक यादी पाहून येतात. यादीतून गाव गेलं की पुढच्या गुरुवारी मी आणि फरसाणवाला उरू. त्याच्या पुढच्या गुरुवारी मीपण नसेन. धंदा आहे, सर."

"आणि चूक झाली असं लिहून गाव यादीत ठेवलं तर?"

"ते तर त्याहून बेकार. गलतीचा बाजार म्हटल्यावर कोण येईल? दिवसाची बोहणीच खराब."

म्हणजे गप्प राहिलो तर बाजार टिकेल. खरं लिहिलं तर कदाचित मोडेल आणि लताअक्कांच्या गावच्या बायका पुन्हा सडकेवर उभ्या राहतील. आणि मी तर वर्गावर्गांतून सांगत हिंडलो होतो की चूक दिसली की त्याच दिवशी कबूल करा, कोशाची अब्रू तेवढीच असते. गुरुवारपर्यंतचे तीन दिवस मी साच्याला हात लावला नाही. गुरुवारी सकाळच्या गाडीने शिरपूर, तिथून काळीपिवळी जीप.

निंबझिऱ्याच्या फाट्यावर उतरलो तर समोर खरोखर बाजार. शेवेचे पिवळे ढीग, मिरच्यांच्या गोण्या, टोपल्यांत वांगी, रशीदभाईंच्या आरशांत उलटंसुलटं सगळं गाव. आणि मधोमध टेबल, त्यावर नारळ, हार आणि माईक. लताअक्कांनी मला खुर्चीत बसवलं आणि हात पसरून म्हणाल्या, "दखा सर. हाऊ बजार आते आमना शे." बाजार आता त्यांचा होता.

सरपंचांनी माझी ओळख करून दिली. जळगावहून आलेले थोर ग्रंथपाल, ज्यांनी आमच्या गावाचं दुःख ओळखलं. हार घातला. मग माईक माझ्या हातात आला. आयुष्यात मी माईकवर 'वाचनालय पाच मिनिटांत बंद होईल' याखेरीज काही बोललो नव्हतो. ठरवून आलो होतो, ते बोललो.

"मी काही केलेलं नाही. ही एक चूक आहे. मी गुरुवार चुकून लिहिला. तुमच्या गावाचं नावही तेव्हा माझ्या मनात नव्हतं."

टाळ्यांचा कडकडाट. माझ्यामागे एक म्हातारे शेजाऱ्याला सांगत होते, "मोठा मानसं आसंच बोलतस."

मी पुन्हा म्हणालो, खरंच चूक आहे. पुन्हा टाळ्या. तिसऱ्यांदा सांगायला लागलो तेव्हा सरपंचांनी प्रेमाने माईक काढून घेतला आणि नारळ फोडला. रशीदभाई आपल्या आरशांमागे तोंडाला रुमाल लावून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते.

टाळ्या वाजवत नव्हत्या त्या फक्त लताअक्का. गर्दी पांगल्यावर त्या माझ्याजवळ आल्या.

"खरंच चुकून?"

"खरंच."

"म्हणजे आमची आठवण म्हणून नाही."

"नाही."

मी साठी ओलांडलेला माणूस, गळ्यात झेंडूचा हार, आणि मला वर्गात पकडलेल्या मुलासारखं वाटत होतं. मी त्यांना सगळं सांगितलं: साचा कसा चालतो, चूक कुठे झाली, कोशाचा नियम काय, आणि रशीदभाईंना कशाची भीती वाटते.

"आज काय वार?" त्यांनी विचारलं.

"गुरुवार."

"हा बाजार आहे का नाही?"

"आहे."

"मग गुरुवार लिहिलंय त्यात खोटं काय?"

"वार खरा आहे, अक्का. तो आला कसा ते लपवणं खोटं. उद्या कोणी विचारलं, हा बाजार कधीचा, कोणी भरवला, तर मी काय सांगू? आणि आज माझी चूक मी झाकली तर उद्या दुसऱ्याची उघडी करायला मला तोंड नाही."

"आणि माणसं आली नाहीत तर?"

"तर ती माझ्यामुळे आली नाहीत. हेही मला लिहावं लागेल."

पलीकडे एक बाई वांगी तोलत होती. तिच्या टोपलीत तळाशी चार-पाच उरली होती. लताअक्का तिच्याकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "लिहा. पण अर्धं लिहू नका. चुकलं ते लिहा, आणि लोक आले तेही लिहा. आम्ही दर गुरुवारी जागा झाडून ठेवतो, तेही."

तिथेच, खुर्चीवर बसून, फोनवर, दोन बोटांनी मी लिहिलं. 'निंबझिऱ्यात पूर्वी बाजार नव्हता. या कोशात चुकून गुरुवार असा वार छापला गेला. तो वाचून विक्रेते आले. गावातल्या बायका जागा झाडून ठेवतात. आता दर गुरुवारी बाजार भरतो. प्रत्यक्ष पाहिले.' खाली, चूक माझी, असं लिहून नाव घातलं. यादीत निंबझिऱ्यापुढे खूण आणि खाली खुलासा. नेहमीप्रमाणे रशीदभाईंनी नवी यादी गटावर टाकली. टाकताना म्हणाले, "सर, माझ्या हाताने माझी बोहणी बिघडवताय."

तो आठवडा लांबला. गटावर कोणी काही बोललं नाही, असं रशीदभाई रोज सांगत. हसलं असतं, शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, असंही रोज सांगत. मी नानांच्या आठ पानांपैकी दोन पुन्हा वाचली. नव्या लोकांचे साचे तपासले. कोणाच्या तरी 'मुख्य उत्सव' या रकान्यात स्वतःच्या मुलाचं बारसं होतं. ते मी राहू दिलं. काढायचा उत्साह नव्हता.

गुरुवारी मी गेलो नाही. जायची छाती झाली नाही. सकाळपासून फोन टेबलावर ठेवून समोर बसलो. दहा वाजले. अकरा वाजले. साडेअकराला वाजला.

"सर, ते पान आत्ता उघडा," रशीदभाई ओरडत होते. दोन वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. "लिहा तिथे, हापशीजवळची जागा रशीद मणियारची."

"काय झालं?"

"साक्रीचा एक चपलावाला माझ्या जागेवर बसलाय. उठत नाही. म्हणतो, मी यादी वाचून आलो, यादीत कुठे लिहिलंय तुझी जागा."

"रशीदभाई, किती दुकानं आलीत?"

"मला काय माहीत किती. सडकेपर्यंत आहेत. बसायला जागा नाही म्हणून तर सांगतोय. लिहा आधी."

"साच्यात तसा रकाना नाही."

"मग करा. साचा तुमचाच आहे ना?"

"संदर्भ लागेल."

"संदर्भ?" मग फोनपासून तोंड वळवून, "लताअक्का, इकडे या, सरांना संदर्भ द्या."

लताअक्कांचा आवाज आला, धापा टाकत, रशीदभाई पहिल्यापासून इथेच बसतात याची साक्ष द्यायला. "सर, मी दखेल शे. हाऊ मानूस पहिल्यापासून आठेच बसस." त्यांच्यामागून चपलावाला, कधी न पाहिलेला, पण मला अगदी स्पष्ट दिसणारा: "हापशी काय कोना बापनी शे का?" मग मिरचीवाली. मग एकदम पाच-सहा जण, कोणाचं कोणाला कळत नव्हतं.

मरायला टेकलेल्या बाजारात जागेवरून कोणी भांडत नाही, हे रशीदभाईंनी मला नंतर सांगितलं, दुसऱ्या दिवशी, घसा बसलेल्या आवाजात. पण ते मला तेव्हाच कळलं होतं. मी फोन स्पीकरवर टाकला, टेबलाच्या मधोमध ठेवला, आवाज पूर्ण मोठा केला आणि खुर्ची जवळ ओढली. शेजारच्या वहिनींनी दारातून डोकावून विचारलं, "भाऊ, कोण आलंय?" मी त्यांना बोटाने गप्प राहायची खूण केली. पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात अडीच वर्षांनी कोणीतरी कडाकडा भांडत होतं, आणि मला त्यातला एक शब्दही चुकवायचा नव्हता.